वऱ्हाडच्या उन्हात जुन्या पीसीची नवी बांधणी

अमरावती किंवा अकोल्यात दहा-बारा वर्षांपूर्वी घरात डेस्कटॉप आला, तो सहसा पोरांच्या अभ्यासाच्या नावानं. एमएस-सीआयटीचा सराव, पॉलिटेक्निकचं प्रोजेक्ट, जोडीला वडिलांच्या दुकानाचं टॅली. दुकानदारानं जुळवून दिलेल्या त्या असेंबल्ड यंत्रात इंटेलचा आय-फाइव्ह प्रोसेसर, चार किंवा आठ जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क आणि एच-६१ नाहीतर एच-८१ चिपसेटचा बोर्ड असायचा. ग्राफिक्स कार्ड नसायचंच. अभ्यासाला कार्ड कशाला, या प्रश्नावर पोरांकडे उत्तर नसे. एप्रिल २०१५ मध्ये ‘जीटीए फाइव्ह’ पीसीवर आलं, तेव्हा सगळी सेटिंग खाली ओढून ते याच यंत्रांवर रखडत-रखडत चालवलं गेलं.

आता त्या पोरांची धाकटी भावंडं, आणि कमावते झालेले ते स्वतःही, त्याच डब्याकडे पुन्हा पाहू लागले आहेत. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज टेनचा नियमित आधार थांबवला. त्याच वर्षाच्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की रॅमचे भाव जगभर भडकले आणि नवा पीसी बांधायचं गणित बिघडलं. मग आहे त्याच यंत्रात चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि बरा प्रोसेसर टाकला तर?

चालतं, आणि बऱ्याचदा फार छान चालतं. पैसा वाया जातो तो क्रम चुकल्यामुळे. आधी कार्ड घेतलं जातं, मग कळतं की वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसला ते पेलत नाही. एसएमपीएस बदलला की दिसतं, आता प्रोसेसरच मागे पडतोय. प्रोसेसर शोधायला निघालं की बोर्ड आडवा येतो. आणि हे सगळं जमून आलं तरी वऱ्हाडात एप्रिल-मे यायचे असतातच. म्हणून यंत्र नेमकं कुठे अडतंय, हे आधी पाहायचं आणि मगच खिशात हात घालायचा.

खेळ सुरू असताना पेटीत दोघं राबत असतात. गाडी किती वळली, गोळी कुणाला लागली, समोरचा शत्रू आता काय करणार, हा सारा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबाचं चित्र ग्राफिक्स कार्ड काढतं. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके असतात आणि खेळ गुळगुळीत वाटायचा तर ते सेकंदाला साठ वेळा नव्यानं रंगवावे लागतात. प्रोसेसरमध्ये चार, सहा किंवा आठ कोअर असतात. प्रत्येक कोअर हुशार, कोणतंही काम सांगा. कार्डात मात्र शेकड्यांनी, हजारांनी साधे गणक असतात. कपाशीच्या वावरात बाया आपापली पात धरून एकाच वेळी वेचणीला लागतात, तशी कार्डाच्या कामाची रीत आहे. एकेकीचा वेग फारसा महत्त्वाचा नसतो, सगळ्या एकदम लागतात म्हणून सांजेपर्यंत वावर वेचून होतं.

काम वाटून घेऊन एकाच वेळी उरकण्याच्या या युक्तीशी अकोला जिल्ह्याचं जुनं नातं आहे. अमरावतीहून अकोल्याला जाताना वाटेत मुर्तिजापूर लागतं. त्याच तालुक्यातल्या मुरंबा गावी ११ ऑक्टोबर १९४६ रोजी डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. एकच अफाट वेगवान प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता त्यांनी टी-८०० जातीचे ६४ लहान प्रोसेसर एकमेकांना जोडले आणि काम त्यांच्यात वाटून दिलं. त्या यंत्राची कमाल क्षमता होती सेकंदाला सुमारे शंभर कोटी गणिती क्रिया. आज जुन्या बाजारात सहज मिळणाऱ्या जीटीएक्स १६५० या साध्या कार्डात ८९६ गणक आहेत आणि त्याची कमाल क्षमता सेकंदाला जवळपास तीन लाख कोटी क्रिया आहे. दोन्ही आकडे वेगवेगळ्या अचूकतेच्या गणिताचे असल्यानं ही तुलना काटेकोर म्हणता येणार नाही. तरी देशाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न झालेली ती कल्पना आता पोराच्या टेबलाखालच्या पेटीत बसते, याचं अप्रूप वाटतंच.

आता अडतंय कुठे, ते शोधू. यंत्रात आधीच एखादं कार्ड असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट सॉफ्टवेअर घालायचं आणि खेळ सुरू असताना कार्ड किती टक्के कामात आहे ते पडद्याच्या कोपऱ्यात पाहायचं. आकडा ९७-९९ वर चिकटून असेल तर कार्ड आपली सगळी ताकद लावतंय आणि तेच कमी पडतंय. तो ५०-६० वर घुटमळत असेल आणि खेळ तरी अडखळत असेल, तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट पाहतंय. खात्रीसाठी आणखी एक उपाय आहे. खेळातलं रिझोल्यूशन निम्म्यावर आणायचं. सेकंदाला निघणारी चित्रं, म्हणजे फ्रेम, वाढल्या तर दोष कार्डाचा होता, जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसरचा.

खेळागणिक उत्तर बदलतं, हेही ध्यानात ठेवावं लागतं. जून २०२० मध्ये आलेला ‘व्हॅलोरंट’ जुन्या पीसीवाल्यांचा लाडका झाला, कारण त्याची किमान अट इंटेल एचडी ४००० या प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागत होती. त्याच वर्षी २ सप्टेंबरला पबजी मोबाइलवर बंदी आली. या दोन्ही घटनांनी बरीच पोरं मोबाइलवरून डेस्कटॉपकडे वळवली. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक टू’ यांसारखे खेळ प्रोसेसरवर जास्त भार टाकतात. तिथे महागडं कार्ड घेऊन फारसं काही हाती लागत नाही. उलट ‘रेड डेड रिडेम्प्शन टू’ किंवा ‘सायबरपंक २०७७’ कार्डाचा घाम काढतात. घरातलं पोर जे खेळतं, त्याच्यावरून खरेदी ठरली पाहिजे.

प्रोसेसर बदलायचा तर शेवटचा शब्द बोर्डाचा. एच-६१ बोर्डावर इंटेलची दुसरी आणि तिसरी पिढी बसते. जास्तीत जास्त आय-सेव्हन ३७७० पर्यंत जाता येतं, तेही बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस, नवं असेल तर. या पिढ्यांना एव्हीएक्स-२ नावाच्या सूचना कळत नाहीत आणि काही नवे खेळ त्यांच्याशिवाय उघडतच नाहीत. जुना आय-सेव्हन अगदी स्वस्तात मिळाला तर टाकावा. या बोर्डावर त्याहून अधिक पैसा घालणं परवडणारं नाही. नवी कार्डं या जुन्या बायोसवर कधीकधी पडद्यावर चित्रच आणत नाहीत, हा आणखी एक ताप.

एच-८१ ची गोष्ट जरा बरी. चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह ४५९० ला चार कोअर आणि चारच धागे (थ्रेड) आहेत. आजच्या खेळांत हे चारही धागे शंभर टक्क्यांना भिडतात आणि मग सरासरी फ्रेम ठीक दिसत असूनही मधेच झटके बसतात. त्याच खोबणीत आय-सेव्हन ४७७० किंवा ४७९० बसवला की आठ धागे मिळतात आणि झटके बरेच कमी होतात. जुन्या बाजारात हे प्रोसेसर मिळतात, आणि प्रोसेसर ही सहसा न बिघडणारी वस्तू असल्यानं जुना घ्यायला हरकत नाही. पिना बोर्डाच्या खोबणीत असतात, प्रोसेसरला नाहीत. म्हणून बदलताना जपायचं ते खोबणीला. मात्र एच-८१ मध्ये एक खोट आहे, ती कार्ड निवडताना भोवते. तिचा विषय पुढे येईलच.

सहाव्या-सातव्या पिढीचे, म्हणजे २०१५ ते २०१७ मधले बोर्ड घेणाऱ्यांची एका आकड्यानं फसगत होते. त्यांच्या खोबणीचं नाव एलजीए ११५१, आणि आठव्या पिढीच्या खोबणीचंही नाव तेच. प्रोसेसर आत बसतोसुद्धा. पण आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो, त्यामुळे एच-११० बोर्डावर आय-फाइव्ह ८४०० चालूच होत नाही. तिथे आय-सेव्हन ६७०० किंवा ७७०० हीच हद्द.

सगळ्यात नशीबवान ते, ज्यांनी २०१७ नंतर एएमडीचा रायझन घेतला. एएमडीनं एएम-फोर ही खोबणी २०१६ पासून वर्षानुवर्षं कायम ठेवली. इंटेलवाल्यांना दर दोन पिढ्यांनी बोर्ड बदलावा लागत असताना ए-३२० सारख्या साध्या बोर्डाच्या मालकाला पाच वर्षांनी आलेला प्रोसेसर बसवता येऊ लागला. एखाद्या घरात २०१८ चा रायझन थ्री २२००-जी असेल, चार कोअरचा, तर त्याच्या जागी एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन फाइव्ह ५६०० बसतो : सहा कोअर, बारा धागे, वीज तीच ६५ वॅट. रॅम तीच, कॅबिनेट तेच. यंत्र ओळखू येत नाही इतका फरक पडतो. ज्यांना आणखी पुढे जायचं असेल त्यांच्यासाठी ५७००-एक्स-थ्री-डी आणि ५८००-एक्स-थ्री-डी आहेत. त्यांत खास खेळांना उपयोगी पडणारी जास्तीची कॅश मेमरी आहे. मध्यम बजेटमध्ये जुन्या यंत्राला नवं करण्याची इतकी चांगली वाट गेल्या दहा वर्षांत दुसऱ्या कुणी ठेवलेली नाही.

फक्त एक पथ्य. नवा प्रोसेसर बसवण्याआधी, जुना आत असतानाच, बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलचं बायोस अद्ययावत करून घ्यावं लागतं. ही दोन-चार मिनिटं फार नाजूक असतात. मधेच लाईन गेली तर बोर्ड मुका होऊन बसतो. म्हणून हे काम यूपीएसवर करावं, आणि दुपारच्या वादळी पावसाच्या दिवसांत तर टाळावंच.

आता कार्ड. त्याआधी मात्र डब्याचं झाकण काढून एसएमपीएसवरचं लेबल वाचायला हवं. त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असतं, पण त्याला फारसा अर्थ नाही. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अॅम्पिअर लिहिलेत ते पाहावं. तिथे १६ असेल तर १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांनी मिळून एवढ्यात भागवायचं आहे. बोर्डाच्या खोबणीतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात. त्याहून भुकेल्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते : सहा पिनांची ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. स्वस्त एसएमपीएसला ती वायरच नसते, आणि मग दुसऱ्या वायरींना जोड देऊन ती तयार केली जाते. हा जोडकामाचा प्रकार उन्हाळ्यात वितळलेल्या कनेक्टरच्या रूपानं समोर येतो.

म्हणूनच खोबणीच्या विजेवर चालणाऱ्या कार्डांना जुन्या यंत्रांत इतका मान आहे. २०१४ चं जीटीएक्स ७५० टीआय, २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय, २०१९ चं जीटीएक्स १६५० आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५०, ही त्या घराण्याची चार नावं. शेवटचं फक्त ७० वॅट खातं. कंपन्यांतून निवृत्त झालेले डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी एलिटडेस्क दुरुस्त करून विकले जातात आणि वऱ्हाडातल्या विद्यार्थ्यांपर्यंत ते पोचतात. त्यांना ही कार्डं फार सोयीची. त्या यंत्रांतले काही एसएमपीएस कंपनीनं स्वतःच्याच मापाचे केलेले असतात, बाजारचा सरळ बसत नाही. बारीक उभ्या पेटीचं मॉडेल असेल तर अर्ध्या उंचीचंच कार्ड लागतं. घेण्याआधी टेप लावून आतली जागा मोजावी. कार्ड हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडलं की परत करण्यावाचून गत्यंतर नसतं.

एसएमपीएस चांगला घेतला, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा ४५० किंवा ५५० वॅटचा, की निवड रुंदावते. १०८० रिझोल्यूशनवर खेळणाऱ्याला एएमडीचं ऑक्टोबर २०२१ चं आरएक्स ६६०० अजूनही पुरतं : ८ जीबी मेमरी आणि १३२ वॅटची भूक. २०२४ मध्ये ते भारतात नवं वीस हजारांच्या आसपास मिळत होतं. त्याच्या बरोबरीनं एनव्हिडियाची आरटीएक्स ३०६० आणि ४०६० ही कार्डं आहेत. ४०६० तर ११५ वॅटवर भागवतं. इंटेलची आर्क कार्डं भावाच्या मानानं ताकदवान असली तरी जुन्या बोर्डांसाठी नाहीत. त्यांना रिसाइझेबल बार ही सोय असलेला बोर्ड लागतो, नाहीतर ती निम्म्या दमानं चालतात.

एच-८१ ची खोट इथे येते. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात माहितीची ने-आण ज्या रस्त्यानं होते, त्या पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गिका असतात. एच-८१ वर त्या दुसऱ्या पिढीच्या आहेत, एकेका मार्गिकेवरून सेकंदाला सुमारे ५०० एमबी माहिती जाते. चौथ्या पिढीत हाच आकडा जवळपास दोन जीबी आहे. पूर्ण सोळा मार्गिका वापरणाऱ्या जीटीएक्स १६५० ला याचा फारसा त्रास होत नाही. पण २०२२ च्या आरएक्स ६५०० एक्सटीला कंपनीनं चारच मार्गिका दिल्या आणि मेमरीही ४ जीबीच. नव्या बोर्डावर ते कसंबसं निभावतं, एच-८१ वर मात्र त्याचा जीव गुदमरतो. आकर्षक भाव पाहून ते जुन्या यंत्रासाठी घेणं हा सरळ तोटा आहे. आठ मार्गिकांचं आरएक्स ६६०० देखील या बोर्डावर काही टक्के मागे राहतं.

रॅम आणि एसएसडीबद्दल थोडक्यात. आठ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावावी. दोन पट्ट्यांनी मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो आणि सोळा जीबी आज किमान गरज आहे. खेळ साध्या सॅटा एसएसडीवर ठेवला तरी हार्ड डिस्कच्या मानानं जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

जुनं कार्ड घेणाऱ्यानं गेल्या काही वर्षांचा इतिहास ठाऊक ठेवावा. २०२० ते २०२२ या काळात इथेरियम हे आभासी चलन खणण्यासाठी लोकांनी ग्राफिक्स कार्डांचे ढीग लावले आणि खेळणाऱ्यांना कार्ड दुप्पट भावानंही मिळेना. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलली, खाणकाम एका दिवसात बंद पडलं आणि ती कार्डं जुन्या बाजारात ओतली गेली. अहोरात्र चाललेलं कार्ड आतून ठणठणीत असू शकतं, पण त्याचे पंखे आणि पेस्ट संपलेले असतात; दोन्ही बदलता येतात. खरा धोका नकली कार्डांचा आहे. २०१० च्या जीटीएस ४५० सारख्या कार्डाचं बायोस बदलून ते १०५० टीआय म्हणून विकलं जातं, विंडोजलाही ते तसंच दिसतं. जीपीयू-झेड हे छोटं फुकट सॉफ्टवेअर २०१८ पासून अशी कार्डं ओळखून नावाआधी ‘फेक’ लिहितं. व्यवहार ठरवण्यापूर्वी ते चालवून पाहू देत नसेल, तर त्या विक्रेत्याकडून उठावं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पर्याय भरपूर आहेत, आणि सीएसएमटीहून सुटणारी अमरावती एक्स्प्रेस अकोल्यावरूनच येत असल्यानं कुणी नातेवाईक कार्ड घेऊन येणं नवं नाही. पण बिघडलं तर ते परत मुंबईला पोचवावं लागतं. वॉरंटीची सेवा केंद्रं बहुतेक मोठ्या शहरांत असतात, हे लक्षात घेता अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या दुकानदारानं हजार-पाचशे जास्त मागितले आणि वॉरंटीला कार्ड पाठवायची जबाबदारी घेतली, तर ते पैसे सत्कारणी लागतात. बिल मात्र १८ टक्के जीएसटीचं पक्कंच घ्यावं. अनुक्रमांक असलेल्या बिलाशिवाय वॉरंटी मिळवणं कठीण.

आता उन्हाळा. पुण्या-मुंबईच्या माणसानं बनवलेला खरेदीचा सल्ला वऱ्हाडात तोकडा पडतो तो इथे. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं. कामगारांसाठी पाणी आणि पंख्यांची सोय बंधनकारक झाली, शिकवणी वर्गांच्या वेळा बदलल्या. अशा दिवसांत स्लॅबच्या घरातल्या वरच्या मजल्यावरची खोली रात्री नऊलाही तापलेली असते. पंखा आणि हीटसिंक यांनी कितीही जोर केला तरी ते खोलीच्या हवेपेक्षा चिप थंड करू शकत नाहीत. खोलीच्या वर किती अंश, एवढंच त्यांच्या हाती असतं. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारं कार्ड मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८५ ला पोचतं. एनव्हिडियाची बरीच जीफोर्स कार्डं ८३ अंशांच्या आसपास आपला वेग उतरवू लागतात. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांना आणि रायझन फाइव्ह ५६०० तर ९० अंशांनाच स्वतःला आवरतो. पोर म्हणतं, कार्ड खराब निघालं. कार्ड बिचारं जीव वाचवत असतं.

यावरचे उपाय स्वस्त आहेत आणि ते कार्डाच्या आधी करायला हवेत. सात-आठ वर्षं जुन्या प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते. ती पुसून नवी लावली की दहा-दहा अंश उतरल्याची उदाहरणं आहेत. इंटेलच्या जुन्या कूलरच्या चार प्लास्टिक पिनांपैकी एखादी सैल झालेली असते, तीही तपासावी. कॅबिनेटला पुढून हवा आत ओढणारा आणि मागून बाहेर फेकणारा असे दोन पंखे हवेत. जुन्या डब्यांत अनेकदा एकही नसतो. काळ्या मातीची बारीक धूळ आणि हंगामात हवेत उडणारा कापसाचा तंतू मिळून हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखा थर बसतो. दिवाळीला घर झाडताना आणि उन्हाळ्याआधी, असा वर्षातून दोनदा ब्लोअर फिरवावा, पण पंखा बोटानं धरून. हवेच्या झोतानं तो भलत्या वेगानं फिरला तर त्याचं बेअरिंग जातं.

कूलरचा प्रश्न इथे हमखास विचारला जातो. खोलीतल्या डेझर्ट कूलरमुळे हवा गार होते, त्याचा यंत्राला फायदाच आहे. फक्त पीसी त्याच्या झोताच्या सरळ रेषेत नसावा. झोताबरोबर पाण्याचे सूक्ष्म थेंब येतात, आपल्याकडच्या क्षारयुक्त बोअरच्या पाण्याचे तर विशेष वाईट. कनेक्टरवर ते पांढरा थर सोडतात. टेबलाच्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंच आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवलेलं यंत्र जास्त काळ टिकतं.

आणि एक उपाय तर फुकटचा आहे. आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची वीजमर्यादा शंभरावरून ८० टक्क्यांवर आणली तर फ्रेम थोड्याच कमी होतात, उष्णता मात्र बरीच उतरते. जुना मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. तेव्हा खेळातली मर्यादाही साठवर बांधावी. कार्ड त्याहून जास्त चित्रं काढत बसलं तर ती कुणालाच दिसत नाहीत, खोली मात्र तापते.

विजेचाही हिशेब आहे. खेळताना तीनशे वॅट ओढणारं यंत्र रोज चार तास चाललं तर महिन्याला ३६ युनिट होतात. उन्हाळ्यात कूलरचे युनिट आधीच चढलेले असतात, त्यामुळे हे वरच्या टप्प्याच्या दरानं लागतात. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. जीटीएक्स १६५० च्या यंत्राला तो पुरतो. आरटीएक्स ३०६० असेल तर ऐन लढाईत लाईन गेली की तो ओरडून बंद पडू शकतो. तिथे १००० व्हीएचा घ्यावा.

कितीही मन लावलं तरी काही दारं जुन्या यंत्राला बंदच आहेत. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझनची २००० मालिका लागते. विंडोज इलेव्हनवर ‘व्हॅलोरंट’ टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतो. ऑक्टोबर २०२५ चा ‘बॅटलफील्ड सिक्स’ही तेच मागतो. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स’ रे ट्रेसिंगची सोय नसलेल्या कार्डावर चालतच नाही, म्हणजे जीटीएक्सची सगळी घराणी बाद. एनव्हिडियानं १०५० टीआय आणि १०६० च्या पिढीला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. सुरक्षेचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. म्हणून चौथ्या पिढीच्या यंत्रात पैसा घालणाऱ्यानं तो २०२२ पर्यंतचे खेळ मनसोक्त खेळण्यासाठी घालावा. तेवढ्यातही आयुष्यभर पुरतील इतके उत्तम खेळ आहेत. नव्याच खेळांचा ध्यास असेल तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदम बदलून कॅबिनेट, एसएमपीएस आणि कार्ड तेवढं पुढे न्यावं. म्हणूनच एसएमपीएस आणि कार्ड घेताना सध्याच्या बोर्डापुरता विचार करू नये. या दोन वस्तू पुढच्या यंत्रात जाणार असतात.

राहिला पडदा. अनेक घरांत अजून साडेअठरा इंचांचा, १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा मॉनिटर आहे. १०८० च्या मानानं हे ठिपके जेमतेम निम्मे. अशा मॉनिटरसमोर आरएक्स ६६०० लावणं म्हणजे कार्डाची निम्मी किंमत न वापरता ठेवणं. तिथे १६५० भरपूर होतं, आणि उरलेल्या पैशांत जुना १०८० मॉनिटर येतो. त्या जुन्या पडद्याला बहुधा व्हीजीएचीच वायर असते, आणि नव्या कार्डांना तो पोर्ट नसतो. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर कार्डासोबतच मागून घ्यावा. बसवून झाल्यावर जुन्या कार्डाचा ड्रायव्हर पूर्ण काढून नवा घालावा आणि मॉनिटरची वायर कार्डाच्याच पोर्टमध्ये खोचावी. ती सवयीनं बोर्डाच्या जुन्या पोर्टमध्ये राहिली तर पडदा काळा दिसतो, किंवा खेळ पूर्वीसारखाच रखडतो आणि वीस हजारांचं कार्ड नुसतं बसून राहतं.